पीडीएफ टाकणाऱ्याला काढण्याआधी हे बघा

वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्कॅन केलेली पुस्तकं टाकणाऱ्याला थेट काढावं का, असा प्रश्न एकाने विचारलाय. आधी पुस्तक कोणाचं ते बघा. आपल्याकडे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं असतो; ही 60 वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मुक्त आहे. पुलं गेले 2000 साली, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांबा. गोची होते ती अनुवादात: मूळ लेखक कितीही जुना असो, अनुवादकाचा हक्क वेगळा. नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचंही तसंच. लेखकाच्या निधनानंतर प्रथमच छापलेलं असेल तर मोजणी प्रकाशन वर्षापासून.

स्वामित्वहक्क अजून न संपलेल्या पुस्तकाची फाइल दिसली की अ‍ॅडमिनने ती 'सर्वांसाठी डिलीट' करावी आणि का केली ते टाकणाऱ्याला खाजगीत कळवावं. उशीर नको, ज्यांनी फाइल बाहेर सेव्ह केली, त्यांच्याकडून ती परत येत नाही. चारचौघांत झापलं की तो माणूस गप्प बसतो आणि त्याचे दोन मित्र भांडायला येतात. दुसऱ्यांदा समज, तिसऱ्यांदा बाहेर.

कुसुमाग्रजांच्या नावावर फिरणाऱ्या कवितांना मात्र एकच प्रश्न: संग्रह कोणता, पानाचा फोटो आहे का? नसेल तर नाव काढून टाका म्हणावं. 'कवी कोणी का असेना, भावना पोचली' हे उत्तर येणारच, पण साहित्याच्या ग्रुपवर ते चालवून घेऊ नये.