पाऊस मे महिन्यातच आला, नवरंग मात्र त्याच्या वेळीच. मागीलदारच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

मागीलदार (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, कारण जागा डोळ्यांसमोर आणून दिल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

आमचं घर समुद्रापासून थोडं आत. पुढे खळं, म्हणजे अंगण, मागे विहीर. विहिरीपासून जांभ्याच्या गडग्यापर्यंतचा (दगडी कुंपणापर्यंतचा) तुकडा म्हणजे आमचं मागीलदार. एक बरका फणस, दोन रातांबे (कोकमाची झाडं), पोफळींची रांग, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि कर्दळ. गडग्याच्या एका टोकाला पुरुषभर उंचीची मातीची दरड आहे, पलीकडे भाताची खाचरं.

सासूबाईंना लग्न होऊन या घरात आल्यापासून नोंदी करायची सवय. पूर्वी पंचांगाच्या कोऱ्या पानांवर, नंतर कालनिर्णयच्या चौकोनांत. आता त्यांना लिहिण्यापुरतं दिसत नाही, म्हणून त्या सांगतात आणि मी लिहिते. कान मात्र माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहेत. नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ पहाटे पहिल्यांदा कोणाला ऐकू येते, हे आमच्या घरात विचारावंच लागत नाही. जुनी कालनिर्णयं त्यांनी सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. ती मी गेल्या गणपतीनंतर खाली काढली आणि एकेक साल शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसले. त्यातून हा प्रश्न उभा राहिला.

२०२५ चा मे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे आमसुलांची पुटं चालू होती, सालं अजून आगळात (रातांब्याच्या रसात) भिजवून उन्हात टाकायची होती आणि पावसाने गाठलं. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोचला, २५ ला, म्हणजे रोहिणी लागली त्याच दिवशी, देवगडपर्यंत आणि २६ ला मुंबईत. सासूबाईंच्या आठवणीत इतक्या लवकर तो कधी आलेला नाही. मागीलदारी काय काय झालं ते चौकोनांतून उतरवते: पाऊस पडला त्याच आठवड्यात संध्याकाळी दरडीतून पंख फुटलेली वाळवी उडाली. कोतवाल पक्ष्यांनी अंधार पडेपर्यंत फणसावरून झेपा घेतल्या. खाचरात पाणी साचलं आणि मोठे बेडूक पिवळेजर्द होऊन डरांव डरांव करायला लागले. मृगाचे किडे मृग लागायच्या आधीच अंगणभर झाले. काजवे नेहमी ऐनाच्या झाडावर जून उजाडेपर्यंत असतात, ते त्या झडीत दिसेनासे झाले.

नवरंग मात्र मृगाच्या आगेमागे येतो तसाच आला. तिबोटी खंड्याही तसाच.

आता २०२३ चं कालनिर्णय बघा. त्या वर्षी बिपरजॉय वादळाने सगळं लांबवलं होतं. केरळात ८ जूनला पाऊस आला आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. आमच्या मृगाच्या आगेमागच्या चौकोनात लिहिलंय: ‘नवरंग बोलला. जमीन कोरडी.’ वाळवी आणि मृगाचे किडे जून संपता संपता, जमीन भिजल्यावरच.

म्हणजे मला असं वाटायला लागलंय की आपल्या मातीतले जीव पावसाची वाट बघतात आणि दुरून येणारे पक्षी तारीख पाळतात. हे खरं असेल तर माझ्या मनात एक काळजी आहे. किडे मे महिन्यात येऊन गेले आणि पिल्लं जुलैत जन्मली, तर पिल्लांनी खायचं काय? तुमच्याकडे काय दिसलं?

शिवाय दोन कामाचे प्रश्न. पाऊस आम्ही नुसता ‘जोर’, ‘मध्यम’, ‘शिरवं’ (येऊन जाणारी सर) असा लिहितो. घरच्या घरी तो नीट मोजायचा कसा? आणि दरडीत मुठीएवढी भोकं आहेत. तिथे पायऱ्या करायच्या म्हणून ती तासायला माणसं यायची आहेत. काम जूनमध्ये केलं तर चालेल का?

पर्जन्यमापक (रत्नागिरी)

ताई, कालनिर्णयांचा तो गठ्ठा जपा. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कसर लागायच्या आत.

आधी २०२५ चं कारण. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून आत गेलं. त्यामुळे मोसमी वारे लवकर ओढले गेले. महिनाअखेरीला मात्र ते थबकले आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकले नाहीत. म्हणून त्या वर्षी ‘पाऊस कधी आला’ या प्रश्नाला एक तारीख पुरत नाही. तुमच्या चौकोनांत ही मधली उघडीप नोंदलेली असेल तर ती पहिल्या पावसाइतकीच मोलाची आहे.

मोजण्याचं सांगतो. १६ सेंटिमीटर व्यासाचं, उभ्या काठाचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस सेंटिमीटर भरतं. खाली मोठा कॅन ठेवा. जमलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजा: दर २० मिलिलिटरला १ मिलिमीटर पाऊस. कोकणात कॅन लहान घेऊ नका, २०० मिलिमीटर पावसाचं पाणी ४ लिटर होतं. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, तीच वेळ धरा, म्हणजे तुमचा आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

जागेचं महत्त्व सगळ्यात जास्त. पोफळीखाली किंवा पन्हळीजवळ अजिबात नको. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडा. तुमच्या वर्णनावरून मागीलदारी अशी जागा निघेल असं वाटत नाही. खळ्यात बघा.

आणि सासूबाईंचे ‘शिरवं’ आणि ‘जोर’ बंद करू नका. ६५ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडून झाला की तासाभरात कोसळला, हे रोजच्या आकड्यात उमटत नाही, त्यांच्या शब्दांत उमटतं. सरकारदरबारी दोन्ही अतिवृष्टीच्या उंबरठ्यावर. मातीला आणि घरट्याला मात्र फरक पडतो.

माणदेशी (दहिवडी)

आमच्याकडं परसदार म्हणजे एक कडुलिंब, एक शेवगा, शेळ्यांचा गोठा आणि मागं उघडं रान. तरी सांगतो, कारण मृगाच्या किड्याचा विषय निघालाय.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या दुष्काळी मुलखातसुद्धा ओढे भरून वाहिले. आणि किडे रोहिणीतच निघाले. माझी नात ते तळहातावर घेऊन बसली होती. लाल मखमल, आठ पाय. हा खरं तर किडा नव्हे, कोळ्याच्या जातकुळीतला जीव आहे. वर्षातला बहुतेक काळ जमिनीत राहतो, जमीन भिजली की थोडेच दिवस वर येतो, वाळवी आणि दुसऱ्या किड्यांची अंडी खातो, जोडी जमवतो आणि परत खाली जातो. त्याला तारखेशी देणंघेणं नाही, ओल हवी. तेव्हा तुमचं म्हणणं मला पटतं. औषधाला म्हणून बरण्या भरून गोळा करणारी माणसं आमच्याकडं येतात. कृपा करून कुणी देऊ नका.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. किडा दिसला म्हणजे पेरा, असं जुनी माणसं म्हणत. मृगातच तो निघायचा तेव्हा ते बरोबर होतं. त्या मे महिन्यात तो बघून काही जणांनी बाजरी टाकायची घाई केली, मग उघडीप पडली. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगत होतं. मी वीतभर खणून ओल बघितली आणि थांबलो. किडा फक्त वरची माती भिजली एवढंच सांगतो.

पावशाची नोंद ठेवता का? आमच्याकडं तो ‘पेर्ते व्हा’ एप्रिलच्या उन्हातच सुरू करतो, रात्रीसुद्धा. त्याला अंडी घालायला सातभाईचं घरटं हवं असतं, म्हणून त्याचं सगळं लक्ष सातभाईंवर. माझ्या मते पावशा लिहिणाऱ्याने शेजारी सातभाईही लिहावेत, नाहीतर अर्धीच गोष्ट हाती लागते.

रातवा (माणगाव, रायगड)

दरडीचं आधी. ताई, जूनमध्ये तासू नका, हात जोडून सांगते. तिबोटी खंड्या आमच्या जिल्ह्याचा पक्षी, त्यामुळे आमच्याकडे यावर खूप बोलणं होतं. तो पावसाच्या तोंडावर येतो, माती मऊ झाली की जोडीने अशाच दरडीत आडवं बीळ खणतो आणि आत टोकाला अंडी घालतो. पहिली वीण जोरदार पावसात वाया गेली तर पुन्हा घालतो, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत बीळ वापरात असू शकतं. ऑक्टोबरमध्ये काम काढा, आणि जमलं तर पायऱ्या दुसऱ्या टोकाला घेऊन दरड तशीच ठेवा. तुमची भोकं मुठीएवढी म्हणता. ती मोठ्या खंड्याची किंवा उंदराचीही असू शकतात. खंड्याचं बीळ वापरात असेल तर तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ आणि पायांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या दिसतात. बघायचं ते दुर्बिणीने, विहिरीपासून. फ्लॅश मारत बिळासमोर बसणाऱ्या लोकांमुळे पिल्लं उपाशी राहतात, हे मी बघितलंय.

आता तुमची काळजी. दुरून येणाऱ्या पक्ष्यांना निघायची वेळ मुख्यतः दिवस लहान-मोठा होण्यावरून कळते, आणि तो हिशेब दर वर्षी सारखाच असतो. नवरंग दक्षिणेत आणि श्रीलंकेत हिवाळा काढतो. तिथे बसून त्याला गुहागरची माती ओली की कोरडी, हे समजायचा मार्ग नाही. तेव्हा तारीख पाळतो हे तुमचं निरीक्षण योग्य वाटतं.

पण पिल्लं उपाशी राहतील का, याचं उत्तर वाळवीवर ठरत नाही. वाळवीचं उडणं ही एका संध्याकाळची मेजवानी. नवरंगाची पिल्लं वाढतात ती गांडुळांवर आणि पातेऱ्याखालच्या (गळून साठलेल्या पानांखालच्या) किड्या-अळ्यांवर, आणि ओल टिकली तर ते खाणं पावसाळाभर मिळतं. खरा धोका लांब उघडिपीचा: माती सुकली की गांडुळं खोल जातात. म्हणून पर्जन्यमापक काकांनी उघडीप लिहायला सांगितलंय ते फार महत्त्वाचं. मे महिन्यात ज्यांची पिल्लं घरट्यात असतात ते कोतवाल आणि कावळे, त्यांना त्या वर्षी खाणं भरपूर मिळालं असेल, पण वाऱ्याने किती घरटी खाली आली? तेही लिहिलंय का बघा.

आणि फणसाखालचा पातेरा भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) झाडून नेत असाल तर एक पट्टा सोडा. नवरंग तिथेच चरतो.

मागीलदार (गुहागर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं सासूबाईंना दोनदा वाचून दाखवली.

दरडीचं काम पुढे ढकललं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना आजच निरोप दिला. दिवाळीच्या आधी बघू, आणि पायऱ्या विहिरीच्या अंगाने काढू. भोकांजवळ आत्ता पांढरे ओघळ नाहीत, पण आत्ता त्यांचा मोसमही नाही. पातेरा या वर्षी फणसाखालून उचलायचा नाही असं ठरलं. शेजारच्या वहिनींना नवल वाटलं, पण नवरंगाचं नाव काढल्यावर त्यांनीही एक कोपरा सोडायचं कबूल केलं.

रातवा, २०२५ च्या चौकोनांत ‘कोतवालाचं घरटं पडलं’ असं खरंच लिहिलेलं सापडलं, २४ मेला. पर्जन्यमापक काकांनी सांगितलेला तोच दिवस! उघडिपीची नोंद वेगळी नाही, पण विहिरीच्या उघड्या पायऱ्या दर रविवारी मोजलेल्या आहेत. त्या बघितल्या तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी चढलेलं नाही, म्हणजे उघडीप तिथे दिसतेच. काका, नरसाळ्यासाठी खळ्यात तुळशीपासून लांब एक जागा मोकळी आहे. माडाची सावली तिथे पोचत नाही.

माणदेशी दादा, सातभाई रोज सकाळी घोळक्याने अळवात येतात. ते इतके नेहमीचे आहेत की आम्ही ते कधी लिहिलेच नाहीत. आता पावशाच्या शेजारी त्यांचा रकाना केला. वीतभर खणून ओल बघायचीही सुरू करते, दर रविवारी, पायऱ्या मोजताना.

एक राहिलं. कावळ्याने आंब्या-करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला आणि काटेरी झाडावर केलं तर कमी, असं सासूबाई सांगतात. आमच्याकडे काटेरी झाडच नाही, त्यामुळे हे इथे पडताळता येत नाही. दादा, तुमच्याकडे बाभळी आहेत आणि लिंबही. कावळा कशावर बसतो ते यंदा लिहून ठेवाल का? शेजारी पावसाचा आकडा हवा.

माणदेशी (दहिवडी)

लिहितो. दोन जोड्या आत्ताच काड्या गोळा करतायत, एक लिंबावर आणि एक बाभळीवर. नरसाळं उद्या बाजारातून आणतो.