नॉर्वेत मत्स्यपालनातली पहिली नोकरी: घरच्या कामाचा अनुभव अर्जात कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मालवणजवळच्या गावातली. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बीएफएससी केलं, मग मत्स्यसंवर्धनात एमएफएससी. नॉर्वेतल्या सॅल्मन कंपन्यांत नव्या पदवीधरांसाठी ज्या जागा निघतात, त्यांना जानेवारीपासून अर्ज करतेय. १४ पाठवले. ११ ठिकाणांहून एकाच साच्यातला नकार, तिघांकडून काहीच नाही. या वाटेनं कुणी गेलं असेल तर कृपया मार्गदर्शन करावं.

परवान्याचं मला कळलंय. आधी पदवीशी जुळणारी नोकरी हातात हवी, मग यूडीआयकडे, म्हणजे नॉर्वेच्या परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या खात्याकडे, कुशल कामगार म्हणून अर्ज. घोडं अडतंय ते सीव्हीवर.

माझा खरा अनुभव कागदावर नाही. बारावीनंतरच्या प्रत्येक सुट्टीत मी मामाच्या कोळंबी प्रकल्पावर राबलेय. खाजणातले तीन तलाव, व्हेनामी जातीच्या कोळंबीचे. पहाटे चारला उठून ऑक्सिजन मोजायचा, कारण सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात खाली जातो. चेक ट्रे उचलून खाद्य किती उरलंय बघायचं आणि पुढचा हप्ता ठरवायचा. एका रात्री वीज गेली, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर बंद, जनरेटर सुरू होईना. दोन तलाव वाचले. तिसऱ्यातली कोळंबी सकाळी मरून काठाला लागलेली. मामा त्या दिवशी जेवला नाही. चार वर्षांच्या ऑक्सिजन, पीएच, क्षारतेच्या नोंदी त्याच्या वहीत माझ्या अक्षरात आहेत.

सीव्ही तपासून देणाऱ्या एका सल्लागारानं हे सगळं काढायला लावलं. पगाराची पावती नाही, लेटरहेड नाही, म्हणजे तो अनुभव धरत नाहीत म्हणे. काढून अर्ज पाठवले, पण मनाला पटत नाही. हे परत घालू का, आणि कसं? मामाला मराठीच येतं, मग संदर्भासाठी त्याचं नाव देऊ का? आणि नॉर्वेजियन नीट येईपर्यंत थांबावं का?

प्रतिसाद:

अगं, काढू नकोस! मी मूळचा गुहागरचा, नॉर्वेत बर्गनजवळ स्मोल्टच्या, म्हणजे समुद्रात सोडण्याजोग्या सॅल्मनच्या पिल्लांच्या, प्रकल्पात आहे. 'घरचा कोळंबी प्रकल्प, हंगामी काम, बिनपगारी' असं सरळ लिही. खाली तलावांचं क्षेत्रफळ, बीज किती सोडलं, काढणीला किती जगलं. तिसरा तलाव गेला तेही लिही. माझ्या मुलाखतीत अर्धा तास एका बिघाडावरच गेला होता: काय चुकलं, नंतर काय बदललं.

संदर्भासाठी तुझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांना विचार. इथे खरोखर फोन करतात, त्यामुळे त्यांना आधी कल्पना देऊन ठेव.

समुद्रातल्या पिंजऱ्यांवरच्या जागांपेक्षा आरएएसच्या, म्हणजे पाणी फिरवून वापरणाऱ्या प्रकल्पांतल्या, जागा बघ. तिथे स्मोल्ट जमिनीवरच्या टाक्यांत वाढवतात आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात. ऑक्सिजन, अमोनिया, नायट्राइट यांवर सगळा खेळ, आणि रात्री अलार्म वाजला की धावायचं. तू हेच करत होतीस. मासा वेगळा, पाणी थंड, इतकंच.

जाहिरातीच्या तळाशी बहुतेक वेळा एका माणसाचं नाव नि नंबर असतो. अर्ज करण्याआधी त्याला फोन कर. आपल्याकडे आगाऊपणा वाटेल, इथे ती रीतच आहे. भाषेसाठी थांबू नकोस, शिकणं मात्र सोडू नकोस; आमच्याकडे सुरक्षेच्या सूचना नॉर्वेजियनमध्येच असतात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. आरएएसच्या दोन जागा सापडल्या, दोन्हींत नंबर आहे. उद्या दुपारी साडेबाराला फोन करते, तेव्हा तिथे सकाळचे नऊ असतील ना?

मामानं वही काढून दिली. क्षेत्रफळ त्याच्या तोंडी गुंठ्यांत आहे, ते हेक्टरात करून घेतेय. एकच विचारते: तिसऱ्या तलावाचं सीव्हीत एका ओळीत लिहू, की सोबतच्या पत्रात सविस्तर?