केस लई गळायलेत, भांग पण रुंद व्हायलाय (वय २४). तपासण्या कोणत्या, औषध कोणतं?

पूर्णाकाठ:
मावसबहिणीसाठी विचारायलेय. वय २४, वजन ४६ किलो. लातूरला क्लाससाठी राहते, जेवण मेसचं. सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. दिवाळीनंतर केस मुठीनं यायलेत, न्हाणीच्या जाळीत पुंजके अडकायलेत. भांग मात्र त्याच्याही आधी, वर्षभरापासून रुंद दिसायला लागला होता. पाळी ४०-४५ दिवसांनी येते, हनुवटीवर चार-पाच राठ केस आहेत. हिमोग्लोबिन १०.८. टीएसएच ०.२ आणि टी४ थोडं वर आलंय, त्यामुळं थायरॉईडची गोळी सुरू करायची का असा विषय चालू आहे. बायोटिन १० मिलिग्रॅम दोन महिन्यांपासून रोज घेते. रूमवर बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो. घरचे म्हणायलेत पाण्यानंच केस गेले. नेमकं कशावर खर्च करावा?

भिंग:
ताई, दोन वेगळ्या गळत्या एकाच डोक्यावर आल्यासारख्या दिसतात. औषधाआधी त्या सुट्या करून घ्या.

मुठीनं येणारे केस ही एक. टाळूवरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आखडतं आणि पुढं साधारण तीन महिने तो नुसता अडकून बसतो. डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून वजन उतरवणं, यातलं काही घडलं की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम सुटतात. सप्टेंबरचा ताप, दिवाळीनंतरचे पुंजके: हिशोब जुळतो. आपल्याकडं पावसाळ्यातल्या तापाचे केस दिवाळीच्या मागंपुढं गळतात आणि बोल लागतो उटण्याला, नव्या शॅम्पूला नाहीतर बोअरला. केस गळायला लागले तेव्हा डोक्याला काय लावलं होतं हे आठवत बसण्यापेक्षा त्याच्या तीन महिने आधी अंगाला काय झालं होतं ते लिहून काढा. कारण गेलं की ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते आणि केस परत येतात. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळं वेणी पूर्वीसारखी जाड व्हायला मात्र वर्ष-दीड वर्ष जातं.

रुंद भांग ही दुसरी, आणि काळजीची हीच. यात केस गळतात त्यापेक्षा दर फेरीला बारीक होऊन उगवतात. कपाळावरची रेघ टिकते आणि मधला भांग फाकतो, पुढं जास्त, मागं कमी. लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या अजून वापरात आहेत. लांबलेली पाळी आणि हनुवटीचे राठ केस सोबत आहेत म्हणजे पीसीओएसची (बीजकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) शक्यता तपासायलाच हवी. ही गळती आपोआप थांबत नाही. तापाच्या गळतीनं इतकंच झालं की झाकलेलं उघडं पडलं.

घरी करून पाहण्यासारखं: पाच दिवस डोकं धुवू नका. सहाव्या दिवशी टबात धुवा, पाणी मलमलच्या कापडातून गाळा आणि अडकलेले केस वाळवून मोजा. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान एकीकडं, ५ सेंटिमीटरच्या वरचे दुसरीकडं. एकूण १०० किंवा जास्त आणि त्यात लहान केस दहा टक्क्यांहून कमी, तर तापासारख्या कारणाची गळती. एकूण शंभरच्या आत पण लहान दहा टक्के किंवा जास्त, तर भांगाची. दोन्ही आकडे जास्त आले तर दोन्ही.

केसाच्या बुडाशी बारीक पांढरा गोळा दिसतो तो पाहून "मूळच उपटून आलं" म्हणून पोरी रडतात. तो गोळा म्हणजे विश्रांती संपलेल्या केसाचं टोक. मूळ आत शाबूत असतं. गोळा नसलेले, मधेच तुटलेले तुकडे जास्त असतील तर तो प्रकार तुटण्याचा. त्याचं कारण स्मूदनिंग, इस्त्री, ओले केस ओढून विंचरणं यात शोधायचं.

रिपोर्टवाला:
तो टीएसएचचा रिपोर्ट आधी बाजूला ठेवा. त्यावर गोळी सुरू करू नका.

बऱ्याच मशीनच्या किटमध्ये बायोटिनचाच चिकटपणा वापरून संप्रेरक मोजतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की ते किटमधली जागा अडवतं. मग टीएसएच खोटं कमी येतं आणि टी४ खोटं जास्त, म्हणजे थायरॉईड वाढल्याचं हुबेहूब चित्र. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन तपासणीसुद्धा यानं खोटी कमी येऊ शकते. बायोटिन किमान दोन दिवस, १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांनी तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करा, आणि काय घेत होती ते लॅबला सांगा. पाकिटावर "व्हिटॅमिन बी७" लिहिलेलं असलं तरी ते बायोटिनच. आणि खरी कमतरता फार क्वचित असते, तेव्हा परत सुरू करायची घाईही नको.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण केसांसाठी बघायचा आकडा फेरिटिन, म्हणजे लोहाची कोठी. हिमोग्लोबिन ठीक असूनही कोठी रिकामी असू शकते. ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरा. केसांचे बरेच डॉक्टर ते ४० च्या वर न्यायला बघतात. अंगात ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून तापानंतर तीन-चार आठवडे थांबून करावं. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) कमी आणि फेरिटिन चांगलं असं आलं तर थॅलेसेमिया मायनरसाठी (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) एचपीएलसी ही रक्ततपासणी करा, नाहीतर लोह वर्षभर उगाच खाल्लं जातं.

यादी छोटी ठेवा: सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, बी१२, व्हिटॅमिन डी. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी टोटल टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजात यातलं निम्मं नसतंच. सोनोग्राफीत "पीसीओ" लिहून आलं म्हणून पीसीओएस ठरत नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणं लांबलेली पाळी, पुरुषी संप्रेरकाची खूण आणि सोनोग्राफी या तिनांपैकी दोन लागतात, तेही थायरॉईड-प्रोलॅक्टिन वगळल्यावर.

तुळशीवृंदावन:
एवढं रक्त कशाला काढायचं बाई. लाल कांद्याचा रस लावायचा, एरंडेल कोमट करून रगडून जिरवायचं, रात्री घट्ट वेणी. महिन्यात फरक पडतो.

डबा_नंबर_चार:
तुळशीताई, कांद्याच्या रसाचा जो छोटा प्रयोग लोक सांगतात तो चाईवर (गोल चकत्यांनी केस जातात त्यावर) होता, रुंद भांगावर नव्हता. एरंडेलानं केस चकचकीत होतो, मुळापर्यंत काही पोचत नाही, आणि घट्ट चिकटल्यावर धुताना उलट केस तुटतात. घट्ट वेणीनं तर कानशिलावरचे केस कायमचे जातात. मूळ रोज ओढलं जातं, त्यामुळं आधी कडेला बारीक लव उरते, मग तीही नाही. चाईवर जमालगोटा चोळणं तर थांबवाच, कातडी भाजून व्रण पडला की तिथं केस उगवायची जागाच बंद.

आता मिनोक्सिडिल, हे टाळूला लावायचं औषध, कारण भांगासाठी सगळ्यात जास्त पुरावा त्याचाच आहे. बायकांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १ मिली दिवसातून दोनदा, किंवा ५ टक्क्यांचा फोम अर्धं झाकण दिवसातून एकदा. डोकं कोरडं हवं. भांग पाडायचा, ड्रॉपरनं कातडीवर थेंब सोडायचे, बोटानं पसरायचं, शेजारी दुसरा भांग पाडून पुन्हा तेच. केसांवर ओतलं की बाटली संपते, काम होत नाही. लगेच हात धुवा. झोपण्याआधी दोन-चार तास लावा, नाहीतर उशीवरून गालाला लागून तोंडावर लव येते. द्रावणानं खाज आली तर बहुतेक वेळा त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळं; फोममध्ये ते नसतं. घरात मांजर असेल तर तिला टाळू चाटू देऊ नका, मांजरांना हे विषारी आहे.

बहुतेकजणी सोडतात ती दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा गळती वाढते. जुने अडकलेले केस नव्यांना वाट करून देतात, म्हणून ते होतं. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो आणि बंद केलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. पोटात घ्यायची कमी मात्रेची गोळीही देतात, पण बीपी पाहून, डॉक्टरच्या हातानं. पाय सुजणं आणि अंगभर लव हे तिचे त्रास.

लोहाची गोळी: १०० मिलिग्रॅम लोहवाली एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत. एका मात्रेनंतर शरीर दिवसभर लोहाचं दार लोटून घेतं, म्हणून रोज दोन खाल्ल्या तरी पोटात दुखण्यापलीकडं फार काही होत नाही. चहा तासाभरानं. कॅल्शियम वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने चालू ठेवा, कोठी तेव्हाच भरते. अंगणवाडीतून मिळणारी लाल गोळी ६० मिलिग्रॅमची, आठवड्याला एक, ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेल्या रक्तक्षयाला तेवढी पुरत नाही.

बोअरचा_नळ:
पाण्याबद्दल दोन ओळी. भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपल्याकडच्या खोल बोअरना तो सहज ओलांडता येतो. पण क्षार केसाच्या वर बसतात. केस राठ होतो, तुटतो. मुळापासून गळत नाही. डोक्याला अंगाचा साबण लावू नका, कॅल्शियमशी मिळून त्याचा चिकट मळ होतो. शॅम्पूचा होत नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या. आठ-दहा हजारांचं यंत्र नळाला बसवून भांग भरणार नाही.

ज्वारी_तूर:
४६ किलोच्या मुलीला दिवसाला साधारण ३८ ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसच्या पातळ वरणात दाळ किती असते ते सगळ्यांना माहीत आहे. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, ३० ग्रॅम सोयावड्यांत १५ च्या आसपास. लातूर सोयाबीनचं गाव, वड्या कुठंही मिळतात; रूमवर कुकर असेल तर एवढ्यानं प्रश्न सुटतो. भाकरीसोबत मेथी, हरभरा, शेंगदाण्याची चटणी ठीकच, पण वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा नको, नाहीतर त्यातलं लोह अंगी लागत नाही. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्यावर काढायची सवय असेल तर तीही मोडा, साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच.

आणि "केसांसाठी" म्हणून सेलेनियम, व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या मनानं घेऊ नका. दोन्ही जास्त झाली की केस गळतात. शेजारच्या बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ च्या डिसेंबरपासून लोकांचे केस झपाट्यानं गेले, तिथल्या तपासण्यांत सेलेनियमच जास्त निघालं होतं.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं, मे महिन्यात तिचं लग्न आहे. मिनोक्सिडिल आत्ता चालू करावं का? पार्लरवाली म्हणायली तीन वेळा पीआरपी करू, लग्नापर्यंत दाट होतील.

भिंग:
पीआरपी म्हणजे रक्त काढून, फिरवून, टाळूत सुईनं टोचणं. ते पार्लरचं काम नाही, डॉक्टरचं आहे. महिन्याच्या अंतरानं तीन वेळा करतात, पण जोड म्हणून. लोहाची कोठी रिकामी ठेवून त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मिनोक्सिडिल चालू करायचं तर आत्ताच करा, म्हणजे सुरुवातीची वाढीव गळती लग्नाच्या खूप आधी संपेल. पण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते चालत नाही, तेव्हा मूल कधी हवं हे आधी ठरवून डॉक्टरला सांगा. हनुवटीचे केस आणि भांग यांसाठी स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरकाला अडवणारी गोळी) लिहून दिलं तर हे जास्तच महत्त्वाचं. पोटातल्या मुलग्याच्या लिंगाच्या वाढीत त्यानं बिघाड होऊ शकतो, म्हणून सोबत खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. पीसीओएस निघाला तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडं एकदा जाऊन या, पुढं साखरेचाही प्रश्न येतो.

लग्नात जड गंगावन आणि ओढून बांधलेला अंबाडा दिवसभर नको. विधी झाला की सोडा. काळ्या मेंदीत पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, तिनं टाळूवर फोड आले तर नवीन गळती मागं लागेल.

गोल चकती पडली, टाळूला खपल्या-पू असेल, किंवा गेलेल्या जागी छिद्रंच दिसत नसतील आणि कातडी गुळगुळीत चमकत असेल, तर यातलं काही घरी करत बसू नका. त्या शेवटच्या प्रकारात मूळच मरतं आणि उशिराला भरपाई नसते. चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासावा लागतो. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, सगळ्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना तेल न लावता जा, जुने फोटो आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

पूर्णाकाठ:
बायोटिन आजच बंद केलंय. तीन दिवसांनी रक्त देईल. फेरिटिनचा आकडा आला की इथंच टाकते.

रिपोर्टवाला:
टीएसएच पुन्हा त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आधीच्या आकड्याशी ताडून बघता येईल.