व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व

कॉफी मशीनच्या आत पाण्यामुळे साचलेला क्षार काढायला व्हिनेगर वापरा असं सुचवलं जातं, पण त्याचा वास रबरी वॉशरमध्ये बसतो आणि पुढचे कितीतरी कप आंबूस लागतात. लिंबूसत्त्व घ्या, किराणा दुकानात सुटं मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम पूर्ण विरघळवा. अर्धं मशीनमधून सोडा, थोडं वाफेच्या नळीतूनही, कारण तिच्या टोकाची बारीक भोकं आधी बुजतात. वीसेक मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर आधी माहितीपुस्तिका बघा, आम्ल त्याला खातं.

आपल्याकडे जळगाव-भुसावळला बोअरचं पाणी जड, बादलीच्या कडेला पांढरी खर धरते तीच आत बसते. म्हणून बोअरचं पाणी टाकीत घालूच नका. नुसतं आरओही नको. काही मशीनच्या सेन्सरला ते पाणी ‘दिसत’ नाही. आरओत थोडं नळाचं मिसळा.