फॅक्टर आपोआप व्हावा की सांगून?

उनाड_दशांश
आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या ४.०.० आवृत्तीपासून (२०२०) फाईल वाचताना मजकुराच्या स्तंभाचा आपोआप फॅक्टर (ठरावीक वर्गांचा, म्हणजे 'पातळ्यांचा' स्तंभ) होणं बंद झालं. अजूनही काही जण त्यावरून हळहळतात. मी म्हणतो, सुटलो!

एकदा गुणांच्या स्तंभात कुणीतरी गैरहजर म्हणून नुसती रेघ मारली होती. त्या एका रेघेपायी अख्खा स्तंभ मजकूर ठरला आणि मजकूर म्हणून फॅक्टर झाला. मी भाबडेपणाने त्याला थेट न्यूमेरिक (संख्या) केलं. आता फॅक्टरच्या पोटात असतात पातळ्यांचे अनुक्रमांक, आणि पातळ्या लागतात मजकुराच्या क्रमाने. त्यामुळे १०, २० आणि ५ या गुणांचे झाले २, ३ आणि ४. पहिला नंबर रेघेने पटकावला! एररही नाही, वॉर्निंगही नाही. वर सरासरी अगदी ऐटीत निघाली. आधी कॅरेक्टर (मजकूर), मग न्यूमेरिक, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

पातळीपंत
असहमत. घाई तुमची, आणि शिव्या फॅक्टरला?
फॅक्टरला आपल्या पातळ्या ठाऊक असतात. 'कमी, मध्यम, अधिक' यांपैकी 'मध्यम' एकानेही निवडलं नसेल, तरी तक्त्यात त्यापुढे शून्य दिसतं. साध्या मजकुरात ती ओळच गायब. शिवाय यादीबाहेरचं काही भरायला गेलात तर वॉर्निंग मिळते आणि तिथे एनए (म्हणजे 'माहिती नाही') बसतो. मजकूर काय, वाट्टेल ते गिळतो.

उनाड_दशांश
पंत, हे सगळे गुण पातळ्या हाताने दिलेल्या फॅक्टरचे. आपोआप झालेल्या फॅक्टरमध्ये 'मध्यम्' ही टायपोसुद्धा मानाने चौथी पातळी होऊन बसते. आणि ज्याला कुणी निवडलंच नाही तो 'मध्यम' त्याला कळणार कुठून? क्रम तरी बघा: अधिक, कमी, मध्यम. म्हणजे रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये) तुलनेचा पाया 'अधिक'. तो कुणी ठरवला? वर्णमालेने.

रिकामा_रकाना
दोघं मजकुरावरून भांडताय, पण खरा घात होतो तो आकड्यांत लिहिलेल्या वर्गांनी. रक्तगट १ ते ४ असे भरलेले असले, की जुनी आवृत्ती असो वा नवी, तो स्तंभ संख्याच मानला जातो. मॉडेल चार गटांमागे एकच उतार काढून देतं, जणू ३ हा गट २ पेक्षा 'एकाने जास्त' आहे. फॅक्टर केलात तर तीन सहगुणक मिळतात, पायाच्या गटाशी बाकी प्रत्येक गटाची तुलना करणारे.
पायथनवाल्यांनी हसू नये. पांडाज या पायथनच्या लायब्ररीत पूर्णांकांच्या स्तंभात एक रकाना रिकामा निघाला, की नेहमीच्या वाचनात सगळा स्तंभ फ्लोट (दशांश संख्या) होतो. १०१ चा १०१.० झाला, की मजकूर म्हणून दुसऱ्या तक्त्याशी जोडताना एकही ओळ जुळत नाही. आणि एक्सेल तर सेप्ट१ या जनुकाची तारीख करायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने हात टेकले, दुसरं काय.

पातळीपंत
टायपोचा मुद्दा मान्य. पण मग आकड्यांचा अंदाज तरी का करू द्यायचा? मी आता सगळे स्तंभ मजकूर म्हणूनच आत घेतो आणि एकेकाचा प्रकार स्वतः लिहितो. चाळीस स्तंभांना दहा मिनिटं लागतात.

उनाड_दशांश
आणि चारशे असले की?

पातळीपंत
तर शंभर मिनिटं. तुमची ती ऐटबाज सरासरी निस्तरायला किती लागली होती?