परदेशात जास्त दिवस राहायचंय, घरभाड्यात पैसे कसे वाचवलेत? सांगली-साताऱ्याकडच्यांनी अनुभव लिहा

विश्रामबाग, सांगली (आधी स्टुटगार्टजवळ)

माझी भाची सप्टेंबरात जर्मनीला एमएसला निघालीये. परवा आमच्याकडं सगळे जमलो होतो, भडंग खात खात विमानाचं तिकीट, बॅगांचं वजन, कांदा-लसूण मसाला किती किलो न्यायचा यावर दोन तास चर्चा झाली आणि घरावर पाच मिनिटं पण नाही. "स्वस्तातली रूम बघ" एवढंच तिचे बाबा म्हणाले. मला राहवेना, कारण मी तिकडं सात वर्षं काढून आलेय, परदेशात सगळ्यात जास्त पैसा घरात जातो आणि चुकीचं स्वस्त घर घेतलं की त्याहून जास्त जातो हे मी भोगलंय. म्हणून हा धागा. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलेल्या कुणीही लिहा, नीट सुखानं राहून पैसे कसे वाचवले ते, आणि कुठं फसलात ते पण. चार दिवसांच्या ट्रिपचं नको.

आधी माझं सांगते. जर्मनीत भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमिटं म्हणजे नुसत्या घराचं भाडं आणि वार्ममिटं म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. लाइट आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर. मी २०१६ ला पहिला आकडा बघून खूश होऊन सही केली. खिडक्या जुन्या, घर कितीही तापवा तासाभरात गार, आणि वर्ष संपल्यावर हीटिंगचा हिशेब आला तो एका महिन्याच्या भाड्याएवढा. शिवाय तिथं बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे मोकळी खोली आणि भिंतीतून बाहेर आलेला पाण्याचा पाइप, बास. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण आणायचं. मी दोन महिने इंडक्शन जमिनीवर ठेवून स्वयंपाक केला.

दुसऱ्यांदा शहाणी झाले. शहराबाहेर पण एस-बानच्या, म्हणजे तिकडच्या लोकल ट्रेनच्या लाइनवर, वायब्लिंगनला तिघींनी मिळून घर घेतलं, याला तिकडं वेगे म्हणतात. आधीच्या भाडेकरूकडून त्याचं बसवलेलं किचन विकत घेतलं, आणि घर सोडताना पुढच्याला विकलं. रेडिओ-टीव्हीची फी महिना १८.३६ युरो आहे, ती माणशी नसते तर घराला एक असते, ती पण तिघींत वाटली गेली. डिपॉझिट काल्टमिटंच्या तीन पटींपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा कायद्यानं हक्क आहे, हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं, मी बाबांकडून मागवून एकरकमी भरलेलं, ते अजून मनाला लागतं.

आणि फोडण्या दिल्या की खिडकी पूर्ण उघडायची, दिवसातून दोनदा तरी पाच-दहा मिनिटं, थंडी असली तरी. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापतात.

भाचीला माझं सांगणं एकच आहे, अॅडमिशन आलं त्याच दिवशी स्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे तिकडं विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या हॉस्टेलला अर्ज टाक. आणि पत्ता नोंदवू न देणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नको, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि पुढची कितीतरी कामं त्या कागदावर अडतात.

कराड, सध्या दुबई

ताई बरं झालं विषय काढलात. मी २०१३ पासून इथं. पहिली तीन वर्षं बर दुबईत बेडस्पेस, एका खोलीत सहाजण, पैसे वाचले पण तब्येत गेली, रात्रपाळीवाला आला की सगळ्यांची झोपमोड. मग बायको-पोरगी आली तेव्हा शारजात घेतलं कारण भाडं बरंच कमी. पण ऑफिस दुबईत. संध्याकाळी त्या रस्त्यावर दीड-दोन तास रोज, पेट्रोल, सालिकचा टोल, आणि घरी पोचेस्तोवर पोरगी झोपलेली. वर्षाच्या शेवटी आम्ही दोघं वही घेऊन बसलो तर भाड्यात वाचवलेल्यातलं निम्म्याहून जास्त रस्त्यावरच गेलेलं. मग हद्दीच्या अलीकडं दुबईच्याच अल नाहदाला आलो, भाडं जास्त आहे पण आता पोरीचा अभ्यास मी घेतो.

पैसे खरे कुठं वाचले ते सांगतो. इथं भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक द्यायचे असतात, चेक जेवढे कमी तेवढा मालक खाली येतो. चार चेकचं घर मी एका चेकवर मागितलं, तीन हजार दिरहॅम सोडले त्यानं. आता एवढी रक्कम एकदम आणायची कुठून, तर आम्ही कराड-पाटणकडची पोरं मिळून भिशी लावतो, ज्याचं भाडं भरायचंय त्याला त्या महिन्याची भिशी. बँकेचं कर्ज नाही, व्याज नाही.

घर बघताना भाड्यात अजून काय धरायचं ते लिहून घ्या. एजंटचे साधारण ५ टक्के, लाइट-पाण्याच्या कनेक्शनला फ्लॅटसाठी २,००० दिरहॅम डिपॉझिट, आणि वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी, ती महिन्याच्या बिलात विभागून येते. चिलरचं, म्हणजे इमारतीच्या सेंट्रल एसीचं बिल कुणाकडं आहे हे पहिलं विचारा. चिलर फ्री असेल तर उन्हाळ्यात एसी लावताना छातीत धस्स होत नाही. भाडं वाढवायचं असेल तर मालकानं ९० दिवस आधी कळवावं लागतं, मला एकदा पंधरा दिवस आधी सांगितलं होतं, मी नियम दाखवला आणि वाढ झाली नाही. एजारीची, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी झाल्याशिवाय यातलं काहीच पाठीशी उभं राहत नाही.

वाई, सध्या सिंगापूर

माझं थोडक्यात. एकटे असाल तर एचडीबीतली, म्हणजे सरकारनं बांधलेल्या फ्लॅटमधली रूम घ्या, पण स्वयंपाकाचं आधी स्पष्ट बोला. जाहिरातीत "लाइट कुकिंग" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा मॅगी आणि अंडं. मी त्यावर सही केली आणि सहा महिने बाहेर जेवत राहिले, कारण एचडीबीची रूम सहा महिन्यांपेक्षा कमी घेताच येत नाही. भाड्यात वाचलं त्याच्या दुप्पट जेवणात गेलं. एसी किती तास लावू देणार ते पण विचारा. आता एका तमिळ आजींकडं राहते, भाडं थोडं जास्त आहे पण ओटा माझ्यासाठी मोकळा असतो, रविवारी मी पिठलं करते आणि त्या रसम देतात.

मिरज, सध्या इंग्लंड

मी नर्स आहे. सुरुवातीचे तीन महिने स्टाफ क्वार्टरला होते, तेवढ्यात गाव समजून घेतलं, कुठली बस कधी असते, रात्री ड्यूटीवरून चालत येता येईल का. इंडियातून फोटो बघून घर घेतलं नाही ते फार बरं झालं. तरी पहिलं घर चुकलंच. तिथं भाड्याच्या घराला इपीसी रेटिंग असतं, म्हणजे घर लाइट-गॅस किती खातं त्याची श्रेणी, ए सगळ्यात चांगली ते जी. माझं ई होतं, म्हणजे भाड्यानं देता येणाऱ्यांतलं शेवटचं. भाडं कमी म्हणून घेतलं आणि हिवाळ्यात गॅसचं मीटर पळायला लागलं. मिरजेत पावसाळ्यात घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवायची सवय, तिथं तसंच केलं तर बेडमागची भिंत काळी पडली आणि मला खोकला लागला तो मार्चपर्यंत. दुसरं घर सी रेटिंगचं घेतलं, भाडं साठ पौंड जास्त, पण गॅसमध्ये तेवढे परत मिळाले आणि झोप मिळाली.

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिकडच्या घरपट्टीसारख्या टॅक्सचं सांगते. घरात एकच मोठं माणूस राहत असेल तर २५ टक्के सूट असते पण ती आपण मागायची. मला सात महिने कुणी सांगितलंच नाही. अर्ज केल्यावर मागचे पैसे पण वळते झाले. घरात सगळेच फुल-टाइम विद्यार्थी असतील तर हा टॅक्स भरावाच लागत नाही. डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, आणि मालकानं ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवायचं असतं, ठेवल्याचा कागद मागा. माझ्या पहिल्या मालकानं मी विचारेपर्यंत ठेवलं नव्हतं.

तासगाव तालुका

नमस्कार. मी स्वतः परदेशात राहिलो नाही, पोरगं कॅनडाला ब्रॅम्प्टनला आहे म्हणून लिहितो. आमचा द्राक्षाचा बाग, बेदाणा करतो, शिक्षणाचं कर्ज काढून पाठवलाय. त्येला पहिल्यांदा बेसमेंट मिळालं, चौघं मिळून. मालकानं पहिलं भाडं, शेवटचं भाडं आणि वर सिक्युरिटी म्हणून अजून एक महिना मागितला, सगळं रोख, पावती नाही. आम्ही हितनं पाठवलं. पुढं कळलं की ओंटारिओत पहिलं आणि शेवटचं एवढंच घेता येतं, मोडतोडीचं वेगळं डिपॉझिट घेताच येत नाही, आणि भाडेकरूनं मागितली तर पावती फुकट द्यावी लागती. तो महिना आमचा गेला. आम्ही हितं पन्नास रुपयांची औषधाची बाटली आणली तरी पावती ठेवतो आणि तिथं पोराला सांगायचं सुचलं नाही. आता ते वरच्या मजल्यावर राहतंय, खिडकीतनं ऊन येतंय म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्याची आई त्या दिवशी नीट जेवली. पालकांनी पोरांना "कमी पैशात भागव" एवढंच सांगू नये असं मला वाटतं.

सातारा (टोकियोत चार वर्षं होतो)

जपानमध्ये खरा मार सुरुवातीलाच बसतो. डिपॉझिट, एजंट, गॅरंटी कंपनी, आणि रेइकिन, म्हणजे मालकाला भेट म्हणून द्यायची रक्कम जी परत मिळत नाही. माझ्या कलीगचे घरात पाऊल टाकायच्या आधी चार महिन्यांच्या भाड्याएवढे गेले. मला ऑफिसमधल्या एका सिनिअरनं यूआरची घरं सांगितली, सरकारी संस्थेची असतात. रेइकिन नाही, एजंटची फी नाही, रिन्यूअल फी नाही, जामीनदार लागत नाही, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. पगाराची अट असते तेवढी बघायची. निशी-कासाईला अशा इमारतींत आपली माणसं भरपूर, त्यामुळं डाळ-तांदळापासून सगळं जवळ.

मी मुद्दाम पाचव्या मजल्याचं जुनं घर घेतलं, लिफ्ट नाही म्हणून भाडं कमी. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढायची सवय, मला काही वाटलं नाही, पण आई तीन महिने आली होती ती गुडघ्यांमुळं आठवड्यातून एकदाच खाली उतरायची. घरचं कुणी येणार असेल तर खालचा मजला घ्या, तिथं पैसे वाचवू नका. घर अगदी रिकामं मिळतं, दिवे, पडदे, शेगडी काहीच नसतं. मायदेशी परत जाणारे लोक सायोनारा सेल लावतात, माझं फ्रिज, वॉशिंग मशीन, सायकल सगळं त्यातलं, आणि निघताना मीही तसंच दिलं, फ्रिज तर एका कोल्हापूरच्या मुलाला फुकट.

फलटण, सध्या अमेरिका

मिस्टरांच्या प्रोजेक्टमुळं आलो, आधी कंपनीनं हॉटेलसारखं अपार्टमेंट दिलं होतं ते संपायच्या आत घर शोधायचं होतं. आम्ही जानेवारीत शोधलं, थंडीत फारसं कुणी घर बदलत नाही, त्यामुळं एक महिना भाडं माफ मिळालं. उन्हाळ्यात तेच लोक ऐकून पण घेत नाहीत. पुढच्या वेळी लीज पंधरा महिन्यांचं मागितलं, भाडं तेच ठेवून. युनिव्हर्सिटीच्या गावात असाल तर मे महिन्यात मुलं जाताना टेबल, खुर्च्या, दिवे रस्त्याच्या कडेला ठेवून जातात, आमचं अर्धं घर त्यावर लागलं. गादी आणि सोफा मात्र उचलू नका, ढेकूण लागले तर काढायचा खर्च हजारात जातो.

विश्रामबाग, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला हे सगळं काल रात्री वाचून दाखवलं, तासगावच्या काकांचं तिच्या बाबांना मुद्दाम दोनदा. हॉस्टेलचा अर्ज आज भरला. कराडचे दादा, तुमच्या भिशीत किती जण असता आणि नंबर कसा लावता? तिच्याबरोबर इस्लामपूर आणि विट्याच्या अजून चार मुली निघाल्यात, डिपॉझिटसाठी तसं काही करता येईल का बघतोय.

कराड, सध्या दुबई

आठ जण आहोत ताई. चिठ्ठ्या टाकत नाही. ज्याचं लीज आधी संपतंय त्याला आधी, आणि ज्याच्या घरी कुणी आजारी असेल तर त्याला त्याच्याही आधी. मुलींची सुरुवात एकदमच होणार त्यामुळं पहिले दोन महिने ओढ बसेल, ज्यांच्या घरून सोय आहे त्यांनी मागचे नंबर घ्यावेत. वही एकीकडंच ठेवा आणि महिन्याला त्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवत जा.