चिरे नकोत, आधार वरून द्या

संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली जॅक आणि गाडीखाली जांभ्या दगडाचे चिरे, एवढ्यावर गिअरबॉक्स उतरेल का, असं विचारलंय. चिरे मुळीच नकोत. दिसायला धड असलेला चिराही एका ठिकाणी वजन आलं की न सांगता फुटतो. ३ टनी जॅक स्टँड घ्या, तेही काँक्रीटवर. पावसाळ्यात अंगणातल्या मातीत त्यांचे पाय रुततात.

आडव्या (गाडीच्या रुंदीत बसवलेल्या) इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सकडचं माउंट, म्हणजे त्याला गाडीशी धरून ठेवणारा रबरी आधार, सुटलं की इंजिन त्या बाजूला झुकतं. म्हणून दोन्ही फेंडरच्या (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांच्या) आतल्या पन्हळीत टेकणारा सपोर्ट बार लावा आणि त्याचा हुक इंजिन उचलायच्या कडीत अडकवा. नट इतकाच आवळा की माउंटवरचा भार उतरून बोल्ट सहज फिरेल; जास्त ओढलात तर उरलेल्या माउंटांचं रबर फाटेल.

पत्र्याचा संप जॅकने दबला तर आतली ऑइलची जाळी तळाला टेकते, ऑइल प्रेशर जातं. जॅक ठेवायचाच तर रुंद फळी घालून, जादा आधार म्हणून. कारण हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसतोच.

गिअरबॉक्सला वेगळा जॅक हवा. इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये जाणाऱ्या त्याच्या दांड्यावर) गिअरबॉक्स लोंबकळला की क्लच प्लेटचा हब वाकतो. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचे) शेवटचे दोन बोल्ट मदतीला माणूस आल्यावरच सोडा.